निळ्या डब्याचं कलम

थोरल्या, हे मोठ्याने वाचायचं काम तुझं. चष्मा शोधत फिरू नकोस, कपाळावरच आहे. आणि मी गेले हे विसरून मधेच "आई, पाणी दे" अशी हाकही मारू नकोस.

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, वय एक्याऐंशी, धुलाईघरात चाळीस वर्षं इस्त्री केलेली, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र सांगते आहे. अक्षर नातीचं. मला लिहिता-वाचता येत नाही, हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

कलम १. बँकेत जे असेल ते तिन्ही मुलांना सारखं. धाकट्याने मधेच "पण" म्हटलं, तर त्याला बाहेर उभं करावं.

कलम २. माझी जड इस्त्री नातीला. कपड्यांना नको असेल तर दार अडवायला घ्यावी. आपली शिडी सहा वर्षं शेजारच्या शिंप्याकडे आहे. ज्याला ती परत आणता येईल, त्याची.

कलम ३. घर तिघांचं. परंतु मागची खोली आणि स्वयंपाकघर माझ्या धाकट्या जावेकडे तहहयात राहील. तिला कोणी हलवायचं नाही. "काकू, आमच्याकडेच या ना" असं गोड बोलूनही न्यायचं नाही. का, ते पुढे.

कलम ४. चर्चमध्ये माझं नाव कशासाठी घेतात ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणी आजारी पडलं, की रविवारी उपासनेनंतर झाकणाचा निळा डबा घेऊन मी त्यांच्या दारात. डबा माझ्या हातात, म्हणून लोकांना वाटलं, रांधलंही मीच. रांधत होती ही धाकटी जाऊ. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, आणि मधल्या वेळात परक्या आजाऱ्यांसाठी शेगडीपुढे उभं राहायचं. सासूबाईंना एकटं सोडता येत नसे, म्हणून ती चर्चला येत नसे.

पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, "काय चव आहे हो तुमच्या हाताला!" मी म्हटलं, "छे हो, कसलं काय." लोकांना तो विनय वाटला. मी वाटू दिला.

सतरा वर्षांपूर्वी पाळकांनी निःस्वार्थ प्रीतीवर प्रवचन केलं, मला पुढे बोलावलं आणि चौकटीतलं मानपत्र दिलं. टाळ्या पडल्या. घरी आणलं, तर काय लिहिलंय ते मला कळेना. तुम्ही तिघं आपापल्या संसारात. घरात वाचता येणारं माणूस एकच. मी ते धाकटीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वाच गं."

तिने हात पुसले आणि वाचलं. "आपल्या हाताने रांधून, बदल्यात काहीही न मागता..." एक शब्द गाळला नाही, एकावर अडखळली नाही. मग म्हणाली, "छान लिहिलंय, बाई. कुठे लावायचं?" खिळाही तिनेच ठोकला. मी स्टूल धरलं. तेवढंच केलं.

प्रीती म्हणजे काय ते मला प्रवचनात नाही, त्या स्टुलापाशी कळलं. आणि कळूनही सतरा वर्षं मी त्या चौकटीखाली बसून जेवले. सासूबाई गेल्यावर ती चर्चला येऊ लागली, मागच्या बाकावर. कोणी डब्याचं कौतुक केलं, की मान खाली घालून हसते. मला सांभाळून घ्यायला.

नात विचारते, "आजी, हे मृत्युपत्रात लिहायचं असतं का?" लिही, बाळा.

एवढ्यात धाकटीच चहा घेऊन आली. "काय चाललंय दोघींचं?"

मी म्हटलं, "शिंप्याच्या शिडीचं लिहितोय."

"जाऊ द्या हो बाई, बिचाऱ्याला कशाला छळता," म्हणाली आणि माझ्या कपात साखर घालून गेली.

बघा. अजून तोंड उघडत नाही माझं. मेल्यावर कबूल करायचं म्हणजे पुन्हा दुसऱ्यालाच वाचायला लावायचं, आणि आपण समोर नाही.

सबब, कलम ४ माझ्या मरणाची वाट बघणार नाही. आज संध्याकाळी धाकटीला मी स्वतः सांगेन. ("नक्की?" असं नात विचारते, म्हणूनच लिहून ठेवते आहे.) उद्या उपासनेनंतर नातीने हे कलम सगळ्यांपुढे वाचावं. मी पहिल्या बाकावर बसेन, धाकटी शेजारी. मानपत्र मीच उतरवीन. स्टूल नातीने धरावं.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: शनिवार, सात तारीख, दुपार.
अंगठा: सांगणारीचा. जरा फिसकटला आहे.
साक्षीदार: १. पोस्टमन. २. शेजारचा शिंपी. (शिडी सोमवारी आणतो म्हणाला.)

राहिलंच. उद्या आजारी सुताराकडे डबा जायचा आहे: बटाट्याचं पातळ सूप, मीठ बेताचं, सोबत मऊ पाव. ते मी रांधेन. जो कोणी डबा नेईल, त्याने तो कोणाच्या हातचा ते सांगू नये. सूप खारट झालं, तर मात्र माझं नाव सांगावं.