माझ्या आत्म्यासाठी मिस्सा

१० जून १८८४
मी मेले! आजच कळलं.
सकाळी हातमोजे चढवता चढवता एवारिस्तो म्हणाला, "आजी, पिमेंटेलसाहेबांना मी सांगितलंय, मला वाढवणारी आजी वारली. फार मोठ्या घरची होती म्हणून."
"मग मी कोण रे?"
"तू जुनी स्वयंपाकीण. निवडणूक होईपर्यंतच गं!"
तोवर मरायचं, मग काय उठून बसायचं? याचे आईबाप पटकीनं गेले तेव्हा तारली मासळीच्या पाटीशेजारी निजवलंय मी याला. अख्खं पोर्तो शहर मासळी विकत, ओरडत फिरले म्हणून हा कोइंब्राला जाऊन वकील झाला. आता माशाचा वास सोसवत नाही मेल्याला!

१२ जून
पिमेंटेल म्हणजे राजाचे सल्लागार. ते म्हणतील त्याला उमेदवारी. शिवाय घरात लग्नाची मुलगी. म्हणजे खुर्ची आणि बायको एकाच दुकानात.

१५ जून
आज ते जेवायला आले. भिंतीवर जुन्या बाजारातून आणलेली तसबिरीतली कुणी सरदारीण टांगलेली – तीच म्हणे याची आजी! बाईला मिशा आहेत.
मी सूप वाढत होते. साहेबांची बायको, दोना लिओकाडिया, नाकाला रुमाल लावून म्हणाली, "हिच्या हातांना मासळीचा वास येतो." एवढं अत्तर फासलंय, तरी बरा आला हिला!
आणि एवारिस्तो हसला. हसला!

२२ जून
आज चर्चमध्ये माझ्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे शांतीची प्रार्थना, झाली. काळं कापड, जाड मेणबत्त्या, दारात गरिबांना पाव. मीही रांगेत उभी राहिले. परटीण बाल्बिना म्हणाली, "कितेरिया, कोण गेलं गं?"
"मीच. घे, पाव खा माझ्या नावानं."
हसून हसून तिचा पाव पडला. मला घरी येईपर्यंत हसू आलं. मग नाही आलं.

२९ जून
चर्चमध्ये मतदान. मतदारांना मटण-बटाटे. बायकांना मत नाही, पण मटण त्यांनीच ढवळायचं! पहाटेपासून चुलीशी होते. एवारिस्तो निवडून आला. सगळे त्याला खांद्यावर घेऊन नाचले.
गर्दी पांगल्यावर विचारलं, "आता होऊ जिवंत?"
"लग्न होऊ दे, आजी."
पुढं बारसं होऊ दे म्हणेल. मग मी खरीच मरेन, म्हणजे याचं काम सोपं!

३० जून
माळ्यावरची पाटी काढली. उद्या पिमेंटेलांच्या खिडकीखाली उभी राहणार. बघतेच.

१ जुलै
ओरडले! "तारल्या घ्याऽऽ! खासदाराच्या आजीच्या ताज्या तारल्या!"
मोलकरणीला मागं सारून दोना लिओकाडिया स्वतः खाली आली. वाटलं, आता शिपाई बोलावते. तिनं हातमोजा काढला. एक तारली उचलली, अंगठ्यानं कल्ला उघडून पाहिला, शेपटी धरून ताठ आहे का बघितली. माझ्यासारखीच. हे कुणी शिकवून येत नाही, पाटी वाहूनच येतं.
मग हळूच म्हणाली, "माझी आईही अशीच वारलीय, मावशी. आमच्या स्वयंपाकघरात बसलेली असते. तिच्याशी कुणी बोलत नाही. मागच्या दारानं या."
मी पाटी डोक्यावर घेतली आणि पुढच्या दारानं आत गेले.