सभागृहात घेतलेलं नाव

शुगर लँड, टेक्सास
३ फेब्रुवारी

चि. चारुतास, आईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला संसदेच्या कागदाचा फोटो पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. आइसलँडच्या संसदेत तू! एक सभासद बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून पक्षाच्या यादीतल्या पुढच्या उमेदवाराला काही आठवडे बोलावतात, हे शेजारच्या रत्नाकाकूंनी मला दोनदा समजावलं. इथे खुर्चीसाठी माणसं काय काय करतात, आणि तिथे बाळासाठी खुर्ची सोडतात.

पण खरा धक्का पुढेच होता. त्या कागदावरच्या तुझ्या नावातून दातार गेलं. अमेरिकेतल्या प्रत्येक ऑफिसात ह्यांनी ते आडनाव एकेक अक्षर सांगून नीट लिहायला लावलं. ह्यांना जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत, आणि तू ते पुसून टाकलंस? विचारलंसुद्धा नाहीस.

तुझा शपथविधी मी बघणार नाही. औषधं वेळेवर घेते आहे, काळजी करू नकोस.

रागावलेली,
आई

रेक्याविक
१६ फेब्रुवारी

ती. आईस, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग चहा टाकला. आई, इथे बहुतेकांना आडनावच नसतं. स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा आईचं, बस. नागरिकत्व घेताना मी दातार ठेवू शकले असते. पण मला बाबा हवे होते. उल्हासदोत्तिर म्हणजे उल्हासची मुलगी. सभापती प्रत्येक वेळी मला तेच म्हणणार. बाबांनी जन्मभर टेक्सासात तेल काढलं आणि मी इथे विजेसाठी जमिनीतली वाफ काढते, म्हणून ते मला चिडवायचे. आता त्यांनाही संसदेत बसावं लागेल.

आणखी एक धक्का घे. परवा पोहायच्या तलावावर गरम पाण्यात माझ्या शेजारी एक मंत्रीणबाई बसल्या होत्या. मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारली. इथे पंतप्रधानांनाही तशीच मारतात.

शपथविधी ३ मार्चला, तुझ्याकडे सकाळी नऊ वाजता. राग ठेव, पण बघ.

तुझी,
चारुता

शुगर लँड
९ मार्च

चि. चारुतास, पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर लायब्ररीतून आइसलँडवरचं पुस्तक आणलं. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. तिथे टेलिफोनची यादीसुद्धा पहिल्या नावाने लावायचे म्हणे. तू खरं लिहिलं होतंस. रागाच्या भरात मी काहीबाही लिहिलं, ते मनात ठेवू नकोस.

रत्नाकाकूंनी टीव्हीवर लावून दिलं. एवढंसं सभागृह! आपल्या मंडळाचा हॉल मोठा असेल. सभापतीबाईंनी घंटा वाजवली आणि तुझं नाव वाचलं. 'ल्हा' त्यांना काही जमला नाही. तरी ह्यांचं नाव होतं ते. इथे सगळ्यांचे ते मिस्टर दातार, नाहीतर काका. आणि मी एकेचाळीस वर्षं 'अहो' म्हटलं. आता ते म्हणायलाही समोर कोणी नाही. ह्या घरात ते नाव कोणी उच्चारतच नव्हतं गं.

तू सही केलीस, मान वर केलीस, ती थेट ह्यांच्यासारखी. रत्नाकाकू टाळ्या वाजवत होत्या.

त्या गेल्यावर मी ह्यांच्या फोटोपुढे उभी राहिले. तिथे मंत्र्यांना नावाने हाक मारतात, तर मी का नाही, असं वाटलं. जीभ अडखळली. मग मोठ्याने म्हटलं, उल्हास, लेक बसली हो संसदेत.

स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं असेल. तिथे कोणी नव्हतं, तरी बरं वाटलं. रोज एकदा म्हणते आता.

स्वेटर घालत जा. आहे तशीच माया राहू दे.

तुझी आई,
मृणालिनी