गजेंद्रच्या दुकानातलं तेल

१२ नोव्हेंबर २०००
गजेंद्र येऊन गेला. चहा तसाच ठेवून! कारंज्याच्या दुकानात त्याला पाम तेल ठेवायचं आहे. बाहेरच्या देशातून येतं ते. बाबांनी वाटणी केली तेव्हा घाणा मला दिला, दुकान धाकट्याला. आणि दोघांकडून एक शब्द घेतला— दुकानात तेल विकायचं ते घाण्याचंच. तो शब्द मी मोकळा करावा, असं गजेंद्रचं म्हणणं.
"दादा, सरकारनं दार उघडलं, अन् तुमी काऊन कडी लावून बसले? गिऱ्हाईक पाम घ्याले शेजारी जाते, तं साखर-चायपत्तीबी तिथूनच नेते."
विचार करतो म्हणालो. विचार कसला! पाम आलं तर माझा घाणा बसलाच.

१९ नोव्हेंबर
रुखमा जवसाचं तेल न्यायला आली. मजुरी करते. नेहमी बाटली आणते, आज लहान शिशी.
"तुमचं तेल झुणक्यावर घ्याले, दादा. तळ्याले पाम. पोरं पह्यल्यांदा पोटभर भजे खाऊन राह्यले."
हसत होती. मला राग आला— कोणाचा, ते कळेना. तिचा तर नाहीच.

८ डिसेंबर
संताजी महाराजांची जयंती. आम्हा तेल्यांचा मोठा दिवस. मंडपात समाजाचे पुढारी नत्थूजी जोरात बोलले— बाहेरचं तेल अडवा! टाळ्या. मीही वाजवल्या. पंगतीत पुऱ्या आल्या त्या पाममधल्या! विचारलं तर नत्थूजीच म्हणाले, "वर्गणीत जवस बसत नाई ना, बुवा." मी दोन पुऱ्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.
गजेंद्र शेजारीच जेवत होता. तिथेच सांगून टाकलं, बाबांचा शब्द मोडायचा नाही. तो म्हणाला, "बरं, दादा." एवढंच. मग पान अर्धं टाकून उठला.

९ डिसेंबर
पूजेत मन नाही. आरतीचं कडवं दोनदा चुकलो.

५ जानेवारी २००१
गजेंद्रचा निरोप— डबे पाठवा. एसटीच्या टपावर चढवून दिले. म्हणजे खपतंय! बायकोला, शोभाला म्हटलं, बघ, चांगल्या मालाला मरण नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "गावात तं कोनी घेऊन नाई राह्यलं. कारंज्याचे लोक काय सोन्याचे हायेत?"
हिचं नेहमीचंच.

२ फेब्रुवारी
पुन्हा डबे गेले. घाणा दिवसभर चालतो, तरी चैन नाही. सकाळी दिव्यापुढे हात जोडले आणि मागितलं काय— बाहेरच्या तेलावरचा कर वाढू दे! असं देवाकडे कोणी मागतं? लाज वाटली. रुखमाच्या पोरांचे भजे आठवले. पण मागणं परत घेतलं नाही.

२८ फेब्रुवारी
रेडिओवर बजेट. पाम तेलावरचा कर वाढला! देवापुढे साखर ठेवली.

१ मार्च
पेढे आणि नवा डबा घेऊन स्वतःच कारंज्याला गेलो. गजेंद्र मालासाठी नागपूरला गेलेला. दुकानात त्याची बायको, प्रमिला. आमच्यात धाकट्याची बायको भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नाही. लग्नापासून ती पदर सावरून आत जाते, निरोप दुसऱ्याच्या तोंडून येतो. डबा ठेवायला मागच्या खोलीकडे वळलो, तर दारात आडवी उभी राहिली.
"दादा, तिकडे नोका जाऊ."
थांबायला हवं होतं. मी गेलो.
छपरापर्यंत डबे. सगळे माझे. झाकणं शाबूत. एखादा गळत असावा, खोलीभर खवट वास.
"घाणा बंद पडला तं दादा कोलमडतीन म्हने," प्रमिला भिंतीकडे बघत बोलली. "तुमचे पैसे हे किराण्यातून देत गेले. तुमाले सांगू नको म्हने."
पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला. कशाचे, ते सांगितलं नाही. परतीच्या गाडीत जागा होती, तरी आमच्या तळेगावपर्यंत उभाच राहिलो.

४ मार्च
गजेंद्र आला. प्रमिलाने सांगितलंच असणार, तरी खोलीचा विषय नाही. म्हणाला, "कर वाढला, दादा. आता खपन आपलं तेल."
मी म्हणालो, "बाबांचा शब्द मोकळा केला. पामचे डबे मागव."
"आता? कर वाढल्यावर?"
"आता."