खरवडलेली काच

३ जानेवारी
कॅमेऱ्याची पेटी, तिचा चामड्याचा भाता, काचा बसवायच्या चौकटी आणि करवतीच्या तुटक्या पात्यापासून घासून केलेली सुरी. सगळं माझ्या हातचं. कुणाकडे शिकायला गेलो नाही. नव्या घराच्या वरच्या खोलीत उजेड उत्तम. आधी स्वतःचाच दाढी करतानाचा फोटो काढला. फेस बुडबुड्यांनिशी उतरला. आता बायका रोज आरशासमोर जे करतात ते टिपायचं. नटलेल्या नव्हे, नटताना. ही म्हणाली, बायका आवरायला वेळ लावतात म्हणून जन्मभर कुरकुरलात, आता तेच बघत बसा.

५ जानेवारी
खालच्या शिंपीणबाईंना वेणी घालताना टिपलं. दातांत रिबीन, कोपरं मागे. सुरेख. हनुवटीवर मात्र जुना पांढरा वण. निगेटिव्हच्या काचेवर पांढरं ते काळं दिसतं. सुरीने हलकेच खरवडलं, वण गेला. जास्त खरवडलं तर फोटोत तिथे काळा डाग पडतो. मला अंदाज आहे.

७ जानेवारी
बाईंच्या हनुवटीवरचाही वण गेला. काल हसत आल्या होत्या, दादा, फोटोबरोबर साबण पण देता का? आज रडत आल्या. त्यांच्या आईला दिसत नाही; ती लेकीची हनुवटी चाचपून ओळखते. तिने यांना ढकलून दिलं, माझी मुलगी कुठे आहे म्हणून विचारत राहिली. काच आणि सुरी बाईंनी विकत मागितली, मोडून टाकायला. हातची वस्तू मी मोडायला देत नाही. योगायोग असणार.

८ जानेवारी
हिला काजळ घालताना टिपलं. कपाळावरची पांढरी बट खटकते. हात लावू नका, म्हणाली, तुमच्याशी संसार करून कमावलीय. खरवडली. योगायोग की काय, तेही कळेल. शेवटी सुरी निसटली, काचेवरच्या डाव्या डोळ्यात. माझा हात कधी निसटत नाही.

९ जानेवारी
बट काळी. डोळाही. पांढरं उरलंच नाही, काजळ ओतल्यासारखा. त्याने दिसत नाही. आरसा पालथा घालून बसली आहे. काचेवर पेन्सिलीने भरून पाहिलं — शिसं चढत नाही —

१० जानेवारी, दुपार
वरच्या खोलीला आतून कडी. ही आणि शिंपीणबाई आत. दार वाजवलं. ही शांतपणे म्हणाली, तुमचा फेस जरा जास्त आलाय, काढतेय.

माझी दाढीची काच —

उजवी करंगळी काळी. दुखत नाही. चिमटा काढला, कळत नाही.

डाव्या हाताने लिहितो. दारातून माफी मागितली. ही विचारते, बाई किती देत होत्या.

पाच हजार. शिलाई मशीन विकून देणार होत्या. मी नको म्ह