तांदळाएवढा जोड

यात्सुओ,
सप्टेंबरची अखेर

प्रिय मिफुयु,

लग्नासाठी कागदी सारसांची जोडी करून दे, असं तू लिहिलंस त्याला पाच महिने झाले. अंगठा दुखतो म्हणून मी नाही म्हटलं. अंगठा दुखत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

इकडे भाताची कापणी उरकली. छापलेल्या तावांवरची साच्याची खळ धुताना पाणी आता बोटांना चावतं. आई ऐंशीची झाली, तरी ओले ताव फळीवर पसरायला तीच पुढे. मी पसरला की म्हणते, "सुरकुती बघ! तुझ्या बाबांच्या वेळी असल्या कागदाने आम्ही चूल पेटवायचो."

तुझ्या पहिल्या लग्नाच्या सकाळी काय झालं, ते तुला ठाऊक नाही. आपल्याकडे जोडी एकाच तावातून होते. ताव मधोमध कापत न्यायचा आणि कडेशी तांदळाएवढा जोड राखायचा. तेवढ्यावर दोन्ही सारसांचे पंख एकमेकांना धरून असतात. शेवटच्या घडीला तो जोड माझ्या बोटांत तुटला. नवा ताव छापून, धुऊन, सुकवायला वेळ नव्हता. मी खळ लावून पंखाखाली कागदाची पट्टी चिकटवली आणि कुणाला न सांगता जोडी मेजवानीच्या खोलीत मांडली. तू किती वेळ तिच्याकडे बघत उभी होतीस! चौथ्या वर्षी तू एकटीच सामान घेऊन साप्पोरोला गेलीस, तेव्हा मला ती पट्टीच दिसत राहिली. आपण अमिदा बुद्धाचं नाव घेणारी माणसं. शकुन-अपशकुन आपल्या पंथात बसत नाहीत. तरी रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे बसलो, की मनात तीच पट्टी. तेव्हापासून आठ वर्षं मी लग्नाची जोडी कुणालाच करून दिली नाही. सुटे सारस, फुलं, टांगायचे कागदी गोळे, एवढंच.

परवा पितरांच्या आठवड्यात आईने गोड पुरणात घोळलेले भाताचे गोळे केले होते. मी खात असताना म्हणाली, "अंगठा दुखतो म्हणे! पाचवा गोळा उचलताना तर छान चालतोय." मग माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती उठली आणि देव्हाऱ्याखालच्या खणातून तिच्या लग्नाची निळी जोडी काढून माझ्या हातात ठेवली. "उलटी कर," म्हणाली. पंखाखाली पट्टी होती, पिवळी पडलेली. "तुझे बाबा चोरासारखे कोपऱ्यात बसून चिकटवत होते. मला वाटलं, बरा दिसतोय, मोडलेलं टाकत नाही. पुढे जन्मभर भांडलो आम्ही, पण पट्टी काही सुटली नाही."

मी म्हटलं, मग मिफुयुचं का मोडलं?

"ते तिचं नि त्याचं. तुझ्या खळीत एवढी ताकद असती, तर आपण एव्हाना श्रीमंत झालो असतो, अरे वेड्या." आणि सहावा गोळा माझ्या ताटलीत टाकला.

मी हसलो, मिफुयु. मग देव्हाऱ्यापुढे जाऊन बसलो. कितीतरी वर्षांनी डोक्यात बुद्धाच्या नावाखेरीज दुसरं काही नव्हतं.

काल सकाळी तुझ्यासाठी ताव कापला. बाबांच्याच साच्याने छापलेला, निळ्यावर पांढऱ्या लाटा. जोड तुटला नाही. आईने चष्मा लावून पंख तपासले आणि म्हणाली, "अरेरे, या वेळी धड झाली?" तीच जोडी या पेटीत आहे. सोबत त्याच कागदाची एक पट्टी आणि चिमूटभर कोरडी खळ घातली आहे. टपालात किंवा पुढे कधी जोड तुटला, तर पाण्यात कालवून चिकटव. तूही कागदवाल्याच्या घरची आहेस. मला विचारू नकोस, आणि लपवूही नकोस.

तुझाच दादा,
यासुताका