एका घरापुरता फिल्टर

२ फेब्रुवारी
फिल्टर आला. स्टीलचे दोन डबे, वरच्यात पांढरे औषधी दाणे, खालच्याला तोटी. संस्थेकडून अर्ध्या किमतीत, रु. ७००. टेम्पो ६०. स्टूल घरचंच. बोरिंगच्या पाण्यातलं फ्लोराईड हे दाणे धरून ठेवतात. पहिला तांब्या देवाला, दुसरा सोनीला. सातवं लागलं पोरीला, अन् गुडघे आत वाकत चाललेत. पांढरकवड्याचे डॉक्टर म्हणाले, औषध नाही, पाणी बदला.
संस्थेच्या ताईंनी बजावलं, "एका घरापुरताच आहे वहिनी. जास्त वापरलं तर दाणे लवकर निकामी होतात."

५ फेब्रु.
सोनीला पाणी पानचट लागतं. सासूबाई घेतच नाहीत. "मायी मान तं गेली. मले कायले आता? पोरीले पाज." मान वळत नाही त्यांची. माणसाकडे पाहायचं तर सगळ्या अंगानं वळतात.

१९ फेब्रु.
शेजारची फरीदा पाण्याची रिकामी गुंडी घेऊन दारात. "भाभी, नातवापुरतं देता का?" सोनीसारखेच त्याचेही दात तपकिरी पडलेत. दिलं. पाण्याला नाही कसं म्हणायचं? रोज देवापुढे तांब्या भरून ठेवते मी.

११ मार्च
आता घरांची अख्खी ओळ पाण्याला येते. हे भडकले. "पानपोई लावली का तू? पोरीसाठी आनला होता नं?"
"मंग तुम्हीच सांगा त्यांले, दारात उभं राहून."
संध्याकाळी पाहते तर फरीदाची गुंडी हेच उचलून देत होते.

८ एप्रिल
ताई आल्या. दोन बाटल्या, एकीत बोरिंगचं, एकीत फिल्टरचं. औषधाचे थेंब टाकले. गुलाबी राहिलं तर चांगलं. दोन्ही पिवळ्या.
कधीपासून? "सांगता येत नाही वहिनी. चवीनं कळत नाही." म्हणजे रोज शाळेची बाटली भरून दिली ती…
संस्थेचं इथलं काम बंद झालं. ताई आपल्याच खर्चानं आल्या होत्या. नवे दाणे नागपूरहून, रु. १४००.
फरीदा दारातच उभी. "भाभी, आम्हीच संपवला नं तुमचा फिल्टर?" तिनं रिकामी गुंडी उचलली.

२० एप्रिल
हे म्हणतात पैसे जमवू, दाणे आणू. आणले तरी फरीदाचा नातू दारात आला की माझी जीभ उचलायची नाही. कुलूप लावून पाणी प्यायचं का? देवा, तूच सांग.
सोनी लंगडी खेळताना पडली. गुडघ्यांवर हात टेकून उठली, आजी उठते तशी. पोरी हसल्या. तीही हसली.

२३ एप्रिल
कळंबला दादाला पत्र टाकलं. नक्कल ठेवते.
"ती. दादास सा. न. तुमच्याकडे नळाला धरणाचं पाणी आहे. सोनीला शाळेला तिकडेच ठेवून घेशील का? दोन वर्षं, कदाचित जास्त. वाकलं ते सरळ होणार नाही म्हणतात. पुढचं थांबलं तर थांबलं. फोनवर तू लगेच हो म्हणशील, म्हणून लिहिते. आधी वहिनीला विचार. तिला जड जात असेल तर तसं लिही, राग नाही. सोनीला अजून काही बोलले नाही. काय ते उलट टपाली कळव."