लढाऊ की पाशिंजर

मुक्काम औंढा नागनाथ, जत्रेतला संतराम मामांचा फोटोचा तंबू
दि. ११ मार्च २०००

तीर्थरूप अमरसिंग दाजींच्या पायांशी,

कुलदीपचा औंढ्याहून डोकं टेकवून नमस्कार. मी इकडे धडधाकट आहे, उजवा अंगठा सोडून (कारण पुढं येईल). तुमची कंबर आता कशी आहे? रूपाबाईला सांगा, तुझा भाऊ दोन्ही टाइम जेवून राहिला, आणि तू दिलेली जवसाची चटणी संतराम मामांनी तिसऱ्या दिवशीच संपवली. लेकरांचा खोकला कसा आहे ते कळवावं.

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की तुमच्या शाळेत 'माझे आवडते विमान' या विषयावर पोरांची भाषणं ठेवली आहेत, पोरं तर सोडाच पण मास्तरांनीही विमान जवळून पाहिलेलं नाही, आणि तू सध्या विमानाच्याच धंद्यात आहेस तर चार मुद्दे लिहून पाठव. (कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला नाही. हा फरक बाबांना कोणी समजावून सांगत नाही. तुमचा तो धंदाच आहे, एकदा प्रयत्न करून पाहा.) म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या तंबूत दोन विमानं आहेत, दोन्ही प्लायवूडची. पहिलं पाशिंजर. त्याला चार खिडक्या कापलेल्या आहेत. गिऱ्हाइकानं मागून जाऊन स्टुलावर बसायचं, खिडकीतून तोंड बाहेर काढायचं आणि मामांनी फोटो घ्यायचा. खऱ्या विमानात असं डोकं बाहेर काढता येत नाही हे मी मामांना पहिल्याच दिवशी सांगितलं. मामा म्हणाले, मग त्या फोटोत दिसत काय असंल? हे पाशिंजर सात वर्षांपासून जत्रा करून राहिलं आहे. त्याच्यात नवीन लग्न झालेले बसतात, म्हातारे जोडीनं बसतात, आणि एकदा एका खिडकीतून बोकडानंही तोंड काढलं होतं (नवसाचा होता, त्याला त्या दिवशी सगळी मोकळीक होती).

दुसरं लढाऊ. हे माझं. मागच्या साली सरहद्दीवर लढाई झाली तेव्हा पेपरात मिराज विमानाचा फोटो आला होता, तो मी कापून खिशात ठेवला होता. मामांना म्हटलं, आता जमाना लढाऊचा आहे, पाशिंजरला कोण विचारतं. ते तयार होईनात तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही (रूपाबाईला हे सांगू नका). शेवटी पेंटर बोलावला. प्लायवूड कमी पडलं म्हणून नाक पुढं न जाता खाली वळवावं लागलं, आणि पंख एकाच बाजूला बसला. दुसरा पंख फोटोत येत नाही असं पेंटरचं म्हणणं, आणि त्यात मला चूक सापडली नाही. आत सायकलचं हँडल बसवलं. जागा मात्र एकाच माणसाची.

जत्रेच्या पहिल्याच दिवशी कळमनुरीकडचा एक इसम आला आणि बायकोला म्हणाला की या पोपटात बसून काढू का फोटो. दाजी, पोपट म्हटल्यावर मी काय करायला पाहिजे होतं? मामा म्हणतात, हसायला पाहिजे होतं. अंगठ्याचं कारण हेच. त्या इसमाचं काही गेलं नाही, माझा फटका त्याला न लागता तंबूच्या खांबाला लागला. नंतर त्यानंच माझ्या अंगठ्याला रुमाल बांधला आणि बायकोसंगं पाशिंजरमध्ये बसून गेला.

तर मुद्दा क्रमांक एक असा की तापट माणसाला लढाऊ आवडतं. मी असाच होतो. पण सोमवारपासून माझं मत हलून राहिलं आहे, आणि याचं कारण शिला. तुम्हाला माहीत आहे (रूपाबाईनं सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही) की शेजारच्या शंकरसिंग काकांच्या शिलासाठी माझा जीव दोन सालांपासून टांगलेला आहे, आणि हे शिलाला सोडून सगळ्या तांड्याला ठाऊक आहे. तिच्या घरी आता स्थळ पाहून राहिले. स्थळ कुणाचं ते मी इथं लिहीत नाही. स्थळाकडं फोटो पाठवायचा, म्हणून सोमवारी दुपारी तिची आई, पार्वतीबाई, तिला घेऊन आमच्याच तंबूत आली.

मी आदल्या दिवशीच सगळं ठरवून ठेवलं होतं. शिलाला पाशिंजरच्या तिसऱ्या खिडकीत बसवायचं, पडदा नीट करायच्या निमित्तानं आपण मागं जायचं आणि ऐन वेळेला चौथ्या खिडकीतून तोंड काढायचं. एकदा फोटो निघाला की निघाला. मी केस ओले करून बसवले होते. ती येताच मी पाशिंजरचं वर्णन सुरू केलं, की स्टूल गादीचं आहे, चेहरा उजळ येतो, घरंदाज माणसं यातच बसतात. पार्वतीबाईला पटलं. मी लगेच मागं जाऊन चौथ्या खिडकीखाली दबा धरून बसलो.

पण शिला लढाऊपाशी उभी राहिली. तिनं मामांना विचारलं, "ह्याच्यात दुसरं कोण बसतं?"

मामा म्हणाले, "कोणीच न्हाई. एकट्याचंच हाय ते."

"मंग मी ह्याच्यात."

आई म्हणाली, "अगं, असा फोटो पाहून कोण करंल तुला?" शिला आत बसली आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. मला हे मागून नुसतं ऐकू येत होतं. खरंच बसली का ते पाहायला मी चौथ्या खिडकीतून डोकं काढलं, आणि तेवढ्यात मामांनी बटन दाबलं.

दोन्ही विमानं शेजारी शेजारी आहेत, दाजी. फोटो हिंगोलीहून धुऊन आला तेव्हा पाहिलं. शिला लढाऊमध्ये नाकासमोर पाहून राहिली, जसं काही खाली सगळा जिल्हा आहे. आणि कोपऱ्यात, पाशिंजरच्या शेवटच्या खिडकीत, माझं डोकं. तोंड उघडं. मामा म्हणतात, त्यांना दिसलं होतं, पण वाटलं गिऱ्हाईक आहे.

गुरुवारी ती फोटो न्यायला एकटीच आली. मी म्हटलं, माझं डोकं कापून देतो, बाकीचा फोटो बराबर दिसंल. तिनं फोटो उन्हात धरून पाहिला.

"राहू दे. तेवढ्यानं तरी मोडंल."

याला प्रेम म्हणावं की नाही हे मला दोन दिवसांत ठरवता आलेलं नाही. तरी शाळेच्या भाषणासाठी असं लिहावं की लढाऊ विमान वेगात जातं, पाशिंजर जोडीनं नेतं, आणि आवडतं कोणतं ते ज्याचं त्यानं पाहावं. बक्षीस मिळालं तर कळवा.

आपला आज्ञाधारक (निदान या पत्रापुरता),
कुलदीप

ता. क. हे पत्र पोस्टात न टाकता सेनगावच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलं आहे, कारण उद्या शिलाचे रामजी मामा तोच फोटो घेऊन तुमच्याच घरी येणार आहेत. स्थळ म्हणजे तुमचे धाकटे बंधू मोहनसिंग. दाजी, तुमच्या घरात तुमचाच शब्द चालतो. फोटो पाहा, कोपऱ्यात बोट ठेवून मोठ्यानं विचारा, "हे पोरगं कोण?" आणि नको म्हणून सांगा. मोहनसिंग चांगला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

ता. क. २. वरची विनंती माझी नाही. शिलाची आहे. तिला जूनमध्ये डी.एड.चा फॉर्म भरायचा आहे आणि लग्न आत्ता कुणाशीच करायचं नाही. कुणाशीच म्हणजे कुणाशीच, हे मी दोन वेळा विचारून घेतलं. तरी लिहिलं.

ता. क. ३. जाताना तिनं विचारलं, तुझं बी.ए. कोणत्या वर्षाला राहिलं? मी म्हटलं, दुसऱ्या. ती म्हणाली, बाहेरून परीक्षा देता येती, आणि निघून गेली. रूपाबाईच्या पेटीत खालच्या लुगड्याखाली माझा बारावीचा मार्कमेमो आहे. जाळला म्हणून मी बाबांना सांगितलं होतं, पण जाळला तो दुसराच कागद. हाच ड्रायव्हर संध्याकाळी परत येईल, त्याच्याकडे द्या. कशाला पाहिजे ते रूपाबाईनं विचारलं तर तंबूत लागतो म्हणावं.